नवे ओझे, जुना पाया

काशीस गेलेल्या मराठी माणसाची पावले मणिकर्णिका घाटाकडे वळल्यावाचून राहत नाहीत. या घाटाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच. पण घाटावर उभे राहून उत्तरेकडे नजर टाकली, तर लगतच आणखी एक मराठी नाव भेटते. तो शिंदे घाट. कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरात नांदलेल्या बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. काम मोठे देखणे आणि भक्कम झाले. परंतु त्या प्रचंड दगडी बांधकामाचे वजन खालच्या जमिनीस पेलले नाही आणि घाट खचला. पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. वर्षातील कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखालीच असतो.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे तो विषय वरवर पाहता काशीपासून फार दूरचा आहे. मालमोटारीच्या इंजिनावर सुपरचार्जर बसविला, पण त्याची जुळणी, म्हणजे कारखान्यातील मंडळी ज्याला ट्यूनिंग म्हणतात ती, अद्याप व्हावयाची आहे. अशा वेळी ते इंजिन पहिल्यांदा सुरू कसे करावे, एवढाच हा प्रश्न. तरीही मला प्रारंभी शिंदे घाटाची आठवण झाली, ती उगाच नव्हे. सुपरचार्जर हेही एक नवे ओझे आहे. ते ज्या इंजिनावर चढवावयाचे, त्याचा पाया दुसऱ्याच हिशेबाने घातलेला असतो. दगड कितीही चांगला असला तरी पायाने ओझे मान्य केले आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज कळस चढवू नये, हा त्या कललेल्या मंदिराचा धडा आहे.

मणिकर्णिकेवरच आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. तिथे लाकडे मोठ्या तराजूत तोलून दिली जातात आणि चिता रचताना ओंडक्यांमध्ये फट राहील अशा बेताने रचली जातात. त्या कामात पिढ्यान् पिढ्या राबलेली डोम समाजातील माणसे लांब बांबूने मधूनमधून लाकूड उचलून धरतात, ते आत वारा शिरावा म्हणून. लाकूड भरपूर असून वारा नसेल तर नुसता धूर होतो. अग्नीचा हा नियम आपल्या घरातील चुलीलाही लागू आहे. आपल्या आया-आज्या फुंकणीने चूल फुंकीत, तेव्हा निखाऱ्यावर किती जोराने फुंकर घालावी याचा त्यांना अंदाज असे. फुंकर कमी पडली तर चूल धुमसते. अवाजवी झाली तर राख डोळ्यांत उडते आणि निखारा विझतो. इंधन आणि हवा यांचे प्रमाण साधले तरच अग्नी कामाचा.

मोटारीचे इंजिन म्हणजे बंद डब्यात पेटणारी आणि मिनिटाला हजारो वेळा पेटून विझणारी चूलच होय. दट्ट्या खाली जातो तेव्हा तो बाहेरची हवा आत ओढतो. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची ताकद केवळ टाकीतील पेट्रोलावर ठरत नाही. प्रत्येक श्वासात ते किती हवा घेऊ शकते, यावर ती ठरते. नैसर्गिक श्वासाला मर्यादा आहे. हवेचा दाब जेवढा असेल तेवढीच हवा आत येणार. घाटमाथ्यावर, उंच प्रदेशात, ती आणखी कमी येते आणि भरलेली गाडी धापा टाकू लागते.

यावर माणसाने काढलेला उपाय म्हणजे इंजिनाला फुंकणी लावणे. लोहाराचा भाता जे करतो तेच सुपरचार्जर करतो. तो हवा दाबून सिलिंडरात भरतो, म्हणून या क्रियेला अतिभरण म्हणता येईल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाकळ्यांच्या पंख्याचे पेटंट घेतले. तो पंखा पुढे ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालू लागला. आणि कालांतराने त्याच घाटाचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चढून सुपरचार्जर झाला. दुसरा प्रकार स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याचा. इंजिनातून बाहेर फुकट जाणाऱ्या तप्त धुराच्या वेगावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा आत दाबावी, अशी कल्पना त्याने मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हाच आजचा टर्बोचार्जर. पट्ट्यावरचा सुपरचार्जर इंजिन फिरू लागताच फिरतो. टर्बोला मात्र धुराचा जोर येईपर्यंत वाट पाहावी लागते. एवढा भेद सोडला तर दोघांचे काम एकच.

या विद्येचे मोठे विद्यापीठ पाहावयास परदेशी जाण्याची गरज नाही. ज्या काशीत मणिकर्णिकेचा अग्नी शतकानुशतके तेवत आला, त्याच काशीच्या नैर्ऋत्येस १९६१ मध्ये रेल्वेचा डिझेल इंजिन कारखाना उभा राहिला. अमेरिकेच्या ॲल्को कंपनीच्या सहकार्याने तिथे तयार झालेले पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळांवर आले. डब्ल्यूडीएम-२ या नावाची ती इंजिने आपल्यापैकी अनेकांनी पुण्यामुंबईच्या फलाटांवर पाहिली असतील. सोळा सिलिंडर, सव्वीसशे अश्वशक्ती आणि मिनिटाला जास्तीत जास्त हजार फेरे. या शक्तीचे मर्म टर्बोत होते. रेल्वेचे कामगार त्याला ‘टर्बो सुपरचार्जर’ असेच म्हणत. २०२० मध्ये या कारखान्याचे नाव बनारस रेलइंजिन कारखाना झाले आणि आज तिथे मुख्यत्वे विजेवर चालणारी इंजिने बनतात. पण मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तिथे जे शिकले गेले, ते आपल्या आजच्या विषयाला नेमके उपयोगी आहे.

त्यांतील एक गोष्ट विशेष ध्यानी धरण्यासारखी. पुढे त्याच सोळा सिलिंडरांच्या इंजिनातून एकतीसशे अश्वशक्ती काढण्यात आली. सिलिंडर वाढले नाहीत आणि त्यांचा व्यासही वाढला नाही. मग जादा पाचशे घोडे आले कुठून? अधिक समर्थ टर्बोतून. पण टर्बो बदलून अभियंते थांबले नाहीत. दाबलेली हवा थंड करणारा आफ्टरकूलर त्यांनी मोठा केला, दट्टे अधिक सोसणारे घेतले, कॅमशाफ्ट अधिक ताठ केला. ओझे वाढविण्याआधी त्यांनी पाया मजबूत केला. सडकेवरच्या गॅरेजात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. नवा सुपरचार्जर खोक्यातून निघतो, संध्याकाळपर्यंत बोल्ट आवळले जातात आणि आवाज ऐकण्यासाठी हात शिवशिवू लागतात.

आता, बसविले आहे पण जुळविलेले नाही, या मधल्या अवस्थेत इंजिनाच्या आत काय होते ते पाहू. आधुनिक पेट्रोल गाडीत किती पेट्रोल सोडावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्याच्या स्मरणात कोष्टके असतात: अमुक फेरे, अमुक हवा, तर अमुक पेट्रोल. ही कोष्टके कारखान्याने नैसर्गिक श्वास गृहीत धरून लिहिलेली आहेत. सुपरचार्जरची हवा त्या हिशेबात नाही. इंजिन मंद फिरत असते तोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, जादा हवा बाजूच्या वाटेने परत फिरते आणि सिलिंडरात दाब चढत नाही. म्हणून जुन्याच इंजेक्टरांवर मंदगतीत सारे ठीक भासते. हीच फसगत. पाय पॅडलवर दाबला, की हवा दाबाने आत येते आणि पेट्रोल तिच्या मानाने अपुरे पडते.

त्यात दाबलेली हवा तापलेली असते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. उन्हाळ्यातील ४० अंशांच्या हवेचा दाब दीडपट केला, तर पंप अगदी आदर्श असला तरी तिचे तापमान सुमारे ७८ अंशांवर जाते; प्रत्यक्षातील पंप आदर्श नसतो, म्हणून त्याहूनही वर. तापलेली हवा, अपुरे पेट्रोल आणि जुन्याच वेळेला पडणारी ठिणगी, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे सिलिंडरातील मिश्रणाचा उरलेला भाग ज्वाला पोचण्यापूर्वी आपल्या आपणच पेट घेतो. बाहेर ऐकू येते ती डब्यात खडे हलविल्यासारखी खटखट. तिला नॉकिंग म्हणतात. ती खटखट म्हणजे दट्ट्यावर बसणारे घणाचे घाव होत. असे काही सेकंद पूर्ण जोरात गेले, तरी दट्ट्याची कड तुटू शकते किंवा त्याला भोक पडू शकते.

याच्या उलटही घडते. पुढच्या जादा हवेच्या तयारीने मिस्त्री आधीच मोठे इंजेक्टर बसवितो. संगणकाला मात्र त्याची वार्ता नसते. तो पूर्वीइतकाच वेळ इंजेक्टर उघडा ठेवतो आणि त्या वेळात पूर्वीहून कितीतरी अधिक पेट्रोल आत येते. प्लग काळे पडतात, भिंतीवरचे तेल धुतले जाते, पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करते आणि न जळलेला वायू पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढतो. म्हणून इंजेक्टर बदलले असतील, तर त्यांना अनुसरून निदान तात्पुरती कोष्टके संगणकात भरल्याखेरीज किल्ली फिरवूच नये. हा पहिला नियम.

डिझेल इंजिनाची प्रकृती वेगळी. तिथे ठिणगी नाही आणि हवा अडविणारा पडदाही बहुधा नाही. पंपाचे डिझेल तेवढेच ठेवून नुसती हवा वाढविली, तर धूर कमी होतो आणि विशेष बिघडत नाही. भीती असते ती पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल बेहिशेब वाढविण्यात. परंतु डिझेलला आणखी एक भय आहे. टर्बोचे सील बिघडलेले असले किंवा तेल परतण्याची नळी तुंबली असली, तर टर्बोचेच तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. मग किल्ली बंद केली, डिझेल तोडले, तरी इंजिन थांबत नाही. ते आपलेच तेल पिऊन अधिकाधिक वेगाने फिरू लागते. त्याला थांबविण्याचा खात्रीचा उपाय एकच: हवेचे तोंड बंद करणे. त्यासाठी तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी किंवा लोखंडी पत्रा पहिल्या सुरुवातीच्या वेळी हाताशी असावा. हात किंवा फडके तिथे कधीही नेऊ नये. ते आत खेचले जाईल.

मी पाहिलेली एक हकिगत सांगतो. पुणे-सातारा रस्त्यावरील एका गॅरेजात ऊस वाहणाऱ्या एका जुन्या मालमोटारीवर टर्बो चढविला होता. गळीत हंगाम तोंडावर आलेला. मालकाने पैसे कर्जाऊ घेतले होते. संध्याकाळी काम संपले. मुहूर्त म्हणून नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. जमलेल्या मंडळींच्या हौसेखातर त्याने लगेच दोन-तीनदा पाय दाबून इंजिन घुमविले. शिट्टीसारखा तो नवा आवाज ऐकून सगळे खूष झाले. तेल नेणाऱ्या नळीच्या जोडावर गास्केटबरोबर लावलेला लेप आत दाबला जाऊन छिद्र जवळजवळ बुजले होते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. टर्बोचा दांडा लहान असला तरी मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो आणि तो टेकलेला असतो तेलाच्या केवळ एका पातळ थरावर. तो थर तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी खंबाटकी घाट चढण्यापूर्वीच दांडा जळून अडकला. हंगामाचे पहिले तीन आठवडे गाडी उभी राहिली आणि कर्जाचे हप्ते मात्र चालत राहिले. त्या मालकाच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले त्यात राग कमी होता. घाई कोणाची झाली, याचा शोध अधिक होता. ती घाई कोणा एकाची नव्हती.

मग पहिली सुरुवात करावी तरी कशी? प्रथम दिवसाउजेडी करावी आणि मोकळ्या हवेत करावी, कारण बंद शेडमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणसाचा प्राण घेतो. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, गिअर मोकळा ठेवावा आणि चाकांखाली लाकडाचे ठोकळे द्यावेत. आग विझविण्याचे नळकांडे जवळ असावे. उपरणे, मफलर, सैल बाही घेऊन पट्ट्याजवळ कोणी जाऊ नये. माणसे दोनच पुरेत: एक किल्लीपाशी, एक बोनेटपाशी. बाकीच्यांनी अंतरावर थांबावे. खूण आधीच ठरवावी. बोनेटपाशी असलेल्याने हात वर केला, की किल्लीवाल्याने कारण न विचारता इंजिन बंद करावे.

नंतर किल्लीला हात न लावता तपासणी. हवेची नळी जोडण्यापूर्वी तिच्यात टॉर्चने पाहावे. आत विसरलेला एखादा नट किंवा चिंधी सुपरचार्जरच्या पाकळ्यांत गेली, तर तिचे तुकडे सिलिंडरापर्यंत जातात. पुली हाताने फिरवून अडखळत नाही ना, ते पाहावे. पट्टा सर्व पुल्यांवर एका रेषेत आणि योग्य ताणात असावा. सुपरचार्जरला स्वतःचे तेल असल्यास त्याची पातळी पाहावी. टर्बो असल्यास तेलाची नळी जोडण्यापूर्वी त्याच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल ओतून चक्र बोटाने फिरवावे. रेडिएटरमधील आणि हवा थंड करणाऱ्या नळ्यांमधील अडकलेली हवा काढून टाकावी. पेट्रोलचा पंप क्षणभर चालू करून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. कागद ओला झाला तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. टाकीत, सुपरचार्जरच्या निर्मात्याने सांगितलेल्या ऑक्टेन अंकाचे पेट्रोल असावे. साध्या पेट्रोलचा अंक अनेकदा अशा इंजिनास पुरत नाही.

तिसरी पायरी बहुतेक लोक गाळतात. इंजिन सुरू होऊ न देता ते फिरवावयाचे. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, किंवा डिझेलचा पुरवठा तोडून, स्टार्टरने इंजिनाला काही सेकंद फिरवावे, थांबावे, पुन्हा फिरवावे. एका दमात दहा सेकंदांहून अधिक नको, नाही तर स्टार्टर तापतो. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत हे करावे. यात सुपरचार्जरच्या, टर्बोच्या आणि इंजिनाच्या सर्व बेअरिंगांपर्यंत तेल पोचते. अन्नप्राशनापूर्वी बाळाच्या ओठांना मध लावावा, तशी ही गोष्ट आहे. खर्च काही नाही; लागतो तो फक्त धीर.

आता फ्यूज परत बसवून इंजिन सुरू करावे आणि पाय पॅडलपासून दूर ठेवावा. पहिल्या पाच ते दहा सेकंदांत दृष्टी दुसरीकडे कोठेही न जाता ऑइल प्रेशरवरच असावी. काटा चढला नाही तर ताबडतोब बंद. चढला तर कान द्यावा. पट्ट्याची चीं चीं, धातूवर धातू घासल्याचा खरखराट, कोठून तरी हवा सुटल्याची सूं सूं, यांपैकी काहीही आले तर बंद. पेट्रोलचा वास आला तर बंद. एक-दोन मिनिटे मंदगतीत चालवून, काही न बिघडताही, इंजिन एकदा बंदच करावे. थांबलेल्या यंत्रावर सर्व जोड, नळ्या, पट्टा, तेल आणि पाणी पुन्हा पाहावे. मग दुसऱ्या सुरुवातीस ते तापेपर्यंत मंदगतीतच चालू द्यावे, निवले की पाणी भरावे, आणि निर्मात्याने सांगितले असेल तिथले बोल्ट पुन्हा तपासावेत. टर्बो असल्यास बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे इंजिन शांत फिरू द्यावे, म्हणजे तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल करपत नाही.

एवढे झाले, की पहिल्या सुरुवातीचे काम संपले. इंजिन घुमवून पाहावयाचे नाही. गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही न्यावयाची नाही. जुळणी करणाऱ्याकडे ती दुसऱ्या गाडीवर लादून किंवा ओढून न्यावी. अगर त्याने तात्पुरती कोष्टके देऊन तशी मुभा दिली असेल, तर दाब चढणार नाही अशा हलक्या पायाने न्यावी. तिथे इंजिनाला टप्प्याटप्प्याने ओझे दिले जाते, प्रत्येक टप्प्यावर धुराची आणि खटखटीची परीक्षा होते आणि कोष्टके नव्याने लिहिली जातात. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की मूळ रचनेहून वेगळा बदल वाहनात करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाचे निर्बंध आहेत. तेव्हा हा खटाटोप आरंभण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारपूस करावी. बोल्ट आवळल्यावर नव्हे.

एवढी दक्षता फाजील आहे, असे कोणास वाटेल. त्याने रेल्वेच्या डिझेल शेडमधील रीत पाहावी. मोठी दुरुस्ती झालेले इंजिन तिथे एकदम गाडीला जुंपीत नाहीत. आधी तेल सर्वत्र फिरविले जाते. सिलिंडरांच्या डोक्यावरची लहान तोंडे उघडून इंजिन हळूहळू फिरवितात, म्हणजे आत पाणी साचले असेल तर बाहेर पडते. कारण पाणी दबत नाही आणि ते आत राहिले तर दट्ट्याचा दांडाच वाकतो. मग मंदगती. इंजिन थांबविल्यावर टर्बोचे चक्र किती वेळ फिरत राहते, तेही घड्याळ लावून मोजतात. फार लवकर थांबले तर बेअरिंगात काही अडते आहे असे समजावे. त्यानंतर इंजिनाने निर्माण केलेली वीज लोड बॉक्समध्ये नुसती उष्णता करून उधळतात. एकही डबा न ओढता, जागच्या जागी, पायरीपायरीने पूर्ण ओझे देऊन पाहतात. हे सारे पार पडल्यावरच ते इंजिन प्रवाशांच्या जिवाचे वाहक होते. सव्वीसशे अश्वशक्तीच्या यंत्राचे जाणते अभियंते जो धीर धरतात, तो दीडशे अश्वशक्तीच्या मालमोटारीच्या मालकाने का धरू नये?

श्रोतेहो, मुहूर्ताचा नारळ फोडू नये असे मी म्हणत नाही. यंत्रापुढे नारळ फोडणारा हात त्या यंत्रावरच्या आपल्या भाकरीला नमस्कार करीत असतो. त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच, की तो नारळ पहिल्या आवाजाला फोडू नये. पहिला आवाज ही परीक्षा आहे आणि परीक्षेच्या दारात कोणी पेढे वाटीत नाही. दुसरी तपासणी होऊ द्यावी, जुळणी होऊ द्यावी, भरलेली गाडी एकदा घाट चढून सुखरूप परत येऊ द्यावी. मग खुशाल वाटावेत.

बायजाबाईंच्या घाटाचे कललेले मंदिर पाहावयास आज लोक मुद्दाम जातात, छायाचित्रे घेतात आणि त्याच्या तिरकेपणाचे कौतुक करतात. दगडाला तेवढे भाग्य लाभले. इंजिनाला ते लाभत नाही. भोक पडलेल्या दट्ट्याचे छायाचित्र कोणी घरात लावीत नाही. त्याची किंमत कोणा एका कुटुंबाने हप्त्याहप्त्याने चुकती केलेली असते. म्हणून नवे ओझे चढविल्यावर जुन्या पायाला बोलू द्यावे, आणि तो काय म्हणतो ते ऐकेपर्यंत पाय पॅडलवरून उचलून ठेवावा.